आधी फडकं, मग पाना

पार्किंगच्या फरशीवर ऑइलचा डाग दिसला की दुचाकीवाल्यांचे दोन पंथ पडतात. एक पंथ 'जुनी गाडी आहे, चालायचंच' म्हणत खाली पुठ्ठा सरकवतो. दुसरा पाना काढतो आणि दिसेल तो बोल्ट आवळत सुटतो. माझ्या मते गाडीचं जास्त वाटोळं हा दुसरा पंथ करतो.

पुठ्ठा सरकवणंही बरोबर नाहीच. शंभर सीसीच्या गाडीत ऑइल असतं जेमतेम लिटरभर आणि इंजिन, गिअर, क्लच असा सगळा संसार त्यावरच चालतो. थेंब थेंब गळून ते कधी तळाला जातं, कळतही नाही. म्हणून दुरुस्ती हवीच, पण आधी शोध.

गार इंजिन रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्याने लख्ख पुसा. पेट्रोल वापरू नका, भडका उडायला ठिणगी पुरते. कोरडं झालं की संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरवा आणि जवळच एक फेरी मारून या. पावडर सर्वांत वर जिथे ओली झाली असेल, तिथे गळतीचं मूळ. ऑइल खाली ओघळतं, वाऱ्याने मागे सरकतं, त्यामुळे थेंब पडतो त्या जागेवर आळ घेण्यात अर्थ नसतो. पुढच्या स्प्रॉकेटजवळचा काळा चिकटा तर अनेकदा चेनला चोपडलेल्या ऑइलचाच असतो.

मूळ ड्रेन बोल्टपाशी निघालं, तर काम घरचं आहे. तिथला तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा वायसर मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, दबून जागा बंद करायला. एकदा दबलेला वायसर पुन्हा तसा बसेलच असं नाही, म्हणून ऑइल बदलताना तोही बदलायचा. आपल्याकडे बहुतेक वेळा जुनाच परत चढतो आणि गळू लागला की बोल्ट आणखी पिळला जातो. बोल्ट पोलादी, चेंबर अ‍ॅल्युमिनियमचं. हरतात ते चेंबरचे आटे. मग दहा-वीस रुपयांच्या कामासाठी नवे आटे पाडून घ्यायची वेळ येते. नवा वायसर घाला, बोल्ट आधी हाताने फिरवा आणि शेवटी आखूड पान्याने मनगटाच्या जोरावर आवळा. खांदा लावायचा नाही.

टॅपेट कव्हरची रबरी रिंग कडक झाली असेल, तर तीही घरी बदलता येते. क्लच कव्हरचं पॅकिंग जरा सबुरीचं काम आहे. जुन्या पॅकिंगचे तुकडे अणकुचीदार पेचकसाने खरवडू नका आणि बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. सिलिकॉन थापू नका. आत सुटलेले त्याचे दोरे ऑइलची जाळी तुंबवतात. तेलकट जागेवर एम-सील धरत नाही, फक्त पुढच्या मेकॅनिकचं काम वाढवतं.

काढलेलं ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. २०१६च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या.

फरशी कोरडी, तरी ऑइल कमी होतंय आणि धूर निळसर येतोय, तर ते बाहेर गळत नाही, आत जळतं आहे. चेंबरच्या दोन भागांमधल्या जोडातून पाझरत असेल, तर इंजिन उतरवावं लागतं. ही दोन्ही कामं गॅरेजचीच. बाकी एवढंच करा : पुढच्या वेळी ऑइल बदलताना नवा वायसर मागून घ्या आणि तो डोळ्यांदेखत बसवून घ्या.