विश्लेषण : विद्यापीठाला स्वतःची वाइनरी कशासाठी?

द्राक्ष, वाइन, बीअर आणि अन्नप्रक्रिया यांचे शिक्षण व संशोधन एकाच आवारात देणारे केंद्र म्हणून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस संकुलाचे नाव जगभर घेतले जाते. अशा खर्चिक सुविधांचा द्राक्ष बागायतदाराला खरोखर उपयोग होतो का, आणि विद्यापीठाचाच सल्ला चुकला तर काय होते, याचा आढावा.

डेव्हिसमध्ये नेमके काय आहे?

नापा खोऱ्यातील वाइन उत्पादक रॉबर्ट मोंडावी यांनी २००१ मध्ये वाइन आणि अन्नविज्ञान संस्थेसाठी अडीच कोटी डॉलरची देणगी जाहीर केली. संस्थेची इमारत २००८ मध्ये खुली झाली. त्याच वर्षी मोंडावी यांचे निधन झाले. त्यानंतर प्रशिक्षणासाठी वाइनरी, बीअर निर्मिती विभाग आणि अन्नप्रक्रिया केंद्र सुरू झाले. या संकुलाला पर्यावरणपूरक इमारतींसाठीचा ‘लीड प्लॅटिनम’ हा सर्वोच्च दर्जा मिळाला. २०१३ मध्ये त्यात आणखी एका इमारतीची भर पडली. पावसाचे पाणी साठवणे, टाक्या धुतलेले पाणी पुन्हा वापरणे आणि द्राक्षरस आंबताना निघणारा कार्बन डायऑक्साइड पकडणे, हा तिचा हेतू.

ती कारखान्यापेक्षा वेगळी कशी?

कारखान्यात एका टाकीत हजारो लिटर रस असतो. प्रयोग फसला तर वर्षाचे पीक वाया जाते, म्हणून सहसा कोणी धोका पत्करत नाही. विद्यापीठात लहान टाक्या असतात. एकाच बागेतील द्राक्षे वाटून एका टाकीत यीस्ट बदलायचे, दुसऱ्या टाकीत फक्त तापमान, असे करता येते. म्हणजे फरक कशामुळे पडला, हे नेमके कळते. विक्रीची परवानगी नसल्याने इथली बहुतेक वाइन वर्षानुवर्षे ओतून दिली जात होती. इथे बनते ती मुख्यतः माहिती.

बागायतदाराला फायदा काय?

डेव्हिसच्या अमेरिन आणि विंकलर या शास्त्रज्ञांनी १९४४ मध्ये हंगामातील उष्णतेनुसार कॅलिफोर्नियाचे पाच विभाग पाडले. कोणत्या भागात कोणती जात लावावी, यासाठी ही पद्धत आजही आधार मानली जाते. २०२० मध्ये वणव्यांच्या धुराने द्राक्षे बाधित झाली, तेव्हा प्रश्न तातडीचा होता : काढणी करायची की पीक वेलीवरच सोडायचे? धुराचा दोष अनेकदा रस आंबल्यावरच उघड होतो. खासगी प्रयोगशाळांत नमुन्यांची रांग लागली होती. बादलीभर द्राक्षे आंबवून पाहण्याच्या साध्या चाचणीने अनेकांना निर्णय घेता आला.

विद्यापीठ चुकले तर?

तेही घडले आहे. फायलोक्झेरा ही मुळांवरील कीड टाळण्यासाठी विद्यापीठाने ‘एएक्सआर-१’ हा खुंट सुचवला. कलम सोपे, उत्पादन भरपूर, म्हणून नापा आणि सोनोमात तो सर्वत्र लागला. हा खुंट किडीला पुरेसा दाद देत नाही, हा युरोपातील अनुभव मागे पडला. १९८० च्या दशकात किडीचा नवा प्रकार पसरला आणि हजारो एकर बागा उपटून नव्याने लावाव्या लागल्या. खर्च सोसला तो बागायतदारांनी.

महाराष्ट्राने काय घ्यावे?

राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले आणि नाशिक परिसरात वाइनरी वाढल्या. पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. तिथेच वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये वाइन तंत्रज्ञान शिकवले जाते. म्हणजे संस्था आहेत. मात्र खारट जमीन आणि पाणीटंचाईवर उपाय म्हणून राज्यातील बागांमध्ये ‘डॉगरिज’ हा एकच खुंट मोठ्या प्रमाणावर आहे. इथली अडचण कॅलिफोर्नियापेक्षा वेगळी असली, तरी एकाच खुंटावर विसंबण्याचा धोका तोच. पर्यायी खुंट आणि नव्या जाती बागायतदाराच्या शेतात जाण्याआधी अनेक हंगाम संस्थेच्या जमिनीवर आणि संस्थेच्या खर्चाने पारखल्या जाव्यात. सार्वजनिक पैशाचे समर्थन त्यातच आहे. इमारत किती भव्य, हा प्रश्न त्यानंतरचा.