पगनीस यांचा अभिनय आणि व्हेनिसचा सन्मान

‘संत तुकाराम’मधील अभिनयासाठी विष्णुपंत पगनीस यांना व्हेनिस महोत्सवात पारितोषिक मिळाले, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे विधान दुरुस्त होणे आवश्यक आहे. प्रभातच्या या 1936 सालच्या, दामले-फत्तेलाल दिग्दर्शित चित्रपटाचा 1937 मध्ये तेथे गौरव झाला तो चित्रकृती म्हणून. अभिनयाचा व्होल्पी करंडक, म्हणजे त्या महोत्सवात नट व नटी यांना स्वतंत्रपणे दिला जाणारा सन्मान, त्या वर्षी एमिल यानिंग्स आणि बेटी डेव्हिस यांच्याकडे गेला.

मात्र यावरून पगनीस यांचे कर्तृत्व उणे ठरत नाही, कारण रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून आलेल्या या गायक-नटाने तुकोबांची सौम्यता ज्या संयमाने साकारली आणि गौरी यांनी जिजाईच्या रोखठोक संतापातून तिला जे उत्तर दिले, त्यांवाचून चित्रपट उभाच राहिला नसता. परभाषक परीक्षकांपर्यंत शब्दांआधी पोहोचला असेल तो हाच अभिनय, असे मानण्यास जागा आहे.

भारतीय कलावंतांना व्यक्तिशः मान मिळाला तो पुढे. ‘मदर इंडिया’साठी नर्गिस यांना 1958 मध्ये कार्लोव्ही व्हॅरी येथे, तर ‘सात पाके बांधा’साठी सुचित्रा सेन यांना 1963 मध्ये मॉस्को येथे सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले. पगनीस यांच्यासाठी न मिळालेल्या पारितोषिकाचा दाखला देण्यापेक्षा त्यांच्या अभिनयाचे बारकाईने विवेचन मराठीत व्हावे, ही अपेक्षा अधिक रास्त आहे.

— एक वाचक, हुलसूर (जि. बीदर)