आधी तपासा, मग इंजिन खोला!

मित्रांनो, गवत कापायच्या मशीनची, म्हणजे लॉन मोवरची दुरुस्ती घरातून सुरू करायचीय? मग माझं स्पष्ट मत ऐका: ज्याला इंजिन खोलायची घाई, त्याचा धंदा टिकत नाही.

चार महिने पडून असलेलं मशीन येतं. गिऱ्हाईक म्हणतं, "इंजिन गेलं." तुम्ही आधी जुनं पेट्रोल काढा, एअर फिल्टर झाडा, प्लगचा स्पार्क बघा, कार्बोरेटरचा जेट साफ करा. बऱ्याचदा मशीन इथेच सुरू होतं. नाहीच झालं, तर कॉम्प्रेशन तपासा. ते कमी असेल तरच पुढे जा.

खोलण्याआधी प्लगची वायर काढा. प्रत्येक टप्प्याचा मोबाईलवर फोटो घ्या, बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. नवी रिंग पिस्टनवर चढवण्याआधी सिलिंडरमध्ये सरळ बसवून टोकांमधली फट फीलर गेजने मोजा. सिलिंडरच झिजला असेल, तर नुसती रिंग बदलून भागत नाही. गॅस्केट नवंच टाका. हेडचे बोल्ट कंपनीने दिलेल्या क्रमाने आणि मापाने, टॉर्क रेंचनेच आवळा.

"पण सर, जेट साफ करून किती मिळणार?" अहो, तपासणीचे पैसे घ्या ना! आधी सांगून, हक्काने घ्या. डॉक्टर नाही का तपासायची फी घेत? नको ते काम गळ्यात मारलंत तर एकदाच कमवाल. खरं सांगितलंत तर तेच गिऱ्हाईक चार जणांना घेऊन येईल.

आजच एक करा: तपासणीचा दर पाटीवर लिहा आणि दारात लावा.