नकाराचं इंग्रजी आधी

कोलंबियात बोगोटा, मेदेयीन, काली इथल्या वेबकॅम स्टुडिओंतून प्रौढांसाठी लाइव्ह कार्यक्रम करणाऱ्या बायका बोलतात स्पॅनिश. टोकन, म्हणजे संकेतस्थळावरचे आभासी पैसे, देणारे प्रेक्षक मात्र बरेचसे अमेरिका-युरोपातले, इंग्रजीत लिहिणारे. भाषांतराचं यंत्र मदतीला असतं, पण त्यात वेळ जातो आणि गप्पांची लय तुटते. प्रेक्षक टिकतो तो गप्पांवरच: त्याचं गाव, त्याचा कुत्रा, कालची मॅच. एवढं इंग्रजी सरावानं जमतं. मला त्याहून मोलाचं वाटतं ते दुसरं. ‘हे मी करत नाही’, ‘पुन्हा असं लिहिलंत तर बाहेर काढीन’, हे न अडखळता सांगता आलं पाहिजे. संकेतस्थळाच्या अटी आणि टोकनचा हिशेब स्वतः वाचता आला पाहिजे. ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संघटनेच्या २०२४ च्या अहवालात या शहरांतल्या स्टुडिओंमधली पिळवणूक नोंदलेली आहे. खात्यांवर ताबा स्टुडिओंचा आणि कमाईतला मोठा वाटाही त्यांचाच. अशा ठिकाणी भाषेसाठीही परावलंबी राहणं फार महाग पडतं. म्हणून या बायकांना इंग्रजी शिकवणाऱ्यांनी पहिला धडा लाडिक बोलण्याचा ठेवू नये, नकाराचा आणि हिशेबाचा ठेवावा.