टेक्नेशियमवरचे आक्षेप

महाराष्ट्राच्या सीमेलगत, मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या डोईफोडियासारख्या गावात कुणाला हाडांचा स्कॅन सांगितला, की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. किरणोत्सर्गी औषध टोचणार, मग दुखणं वाढणार नाही का? घरी आल्यावर लेकरांना जवळ घ्यायचं की नाही? या शंकांना अडाणीपणा म्हणून उडवून लावणं अन्याय आहे. 2010 साली दिल्लीच्या मायापुरीत भंगारात आलेल्या कोबाल्ट-60मुळे माणसं होरपळली, एकाचा जीव गेला. भीतीला आधार आहे. मात्र तो स्कॅनच्या औषधातल्या टेक्नेशियमला लागू पडत नाही.

पहिला आक्षेप: किरणोत्सर्ग तो किरणोत्सर्ग, सगळे सारखेच. साफ चूक. कोबाल्ट-60चं अर्धायुष्य (निम्मे अणू फुटायला लागणारा काळ) सव्वापाच वर्षांचं, तर स्कॅनसाठी वापरल्या जाणाऱ्या टेक्नेशियम-99एमचं सहा तासांचं. सकाळी टोचलेल्या मात्रेचा दुसऱ्या सकाळी सोळावा हिस्सासुद्धा अंगात राहत नाही, कारण बरंचसं औषध लघवीवाटे निघून जातं. हाडांच्या स्कॅनमधून मिळणारी किरणांची मात्रा सुमारे चार मिलिसीव्हर्ट. निसर्गाकडून माणसाला दरवर्षी सरासरी 2.4 मिलिसीव्हर्ट मिळतच असते.

दुसरा आक्षेप जाणकारांचा, म्हणून जास्त वजनाचा: 99एमचं रूपांतर टेक्नेशियम-99मध्ये होतं आणि त्याचं अर्धायुष्य दोन लाख वर्षांहून अधिक आहे! खरं आहे. पण अर्धायुष्य जितकं लांब, तितके अणू सावकाश फुटतात. एका स्कॅनमधून तयार होणारं हे टेक्नेशियम जेमतेम चार नॅनोग्रॅम; सगळंच्या सगळं अंगात राहिलं, तरी सेकंदाला दोन-तीन अणू फुटतील. आपल्या शरीरातल्या नैसर्गिक पोटॅशियमचे सेकंदाला चार हजारांच्या आसपास फुटतात.

तिसरा आक्षेप: रुग्णापासून इतरांना लागण होते. किरणोत्सर्ग साथीच्या रोगासारखा पसरत नाही. थायरॉइडच्या कॅन्सरवर आयोडिन-131 जास्त मात्रेत देतात, तेव्हा रुग्णाला वेगळं ठेवावं लागतं. या आयोडिनचं अर्धायुष्य आठ दिवसांचं, आणि त्याचे बीटा कण पेशी मारण्यासाठीच असतात. तीच गोष्ट ऐकून लोक स्कॅनलाही भितात. स्कॅननंतर त्या दिवसापुरतं तान्ह्या बाळाला फार वेळ कुशीत घेऊ नये आणि पाणी भरपूर प्यावं, एवढं पुरतं. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या आईने मात्र आधीच डॉक्टरांना सांगावं.

आता मंडन. हे 43व्या क्रमांकाचं मूलद्रव्य 1937 साली इटलीत पालेर्मोच्या पेरिये आणि सेग्रे यांनी मॉलिब्डेनमच्या पट्टीत शोधलं; पृथ्वीवर ते निसर्गतः नावापुरतंच सापडतं. त्याचे गॅमा किरण शरीराबाहेर येऊन कॅमेऱ्याला दिसतात. फॉस्फेटच्या संयुगाला जोडलं की ते हाडात जिथे झीज-भर जोरात चालू आहे तिथे जाऊन बसतं. एक्स-रेमध्ये फरक दिसायच्या आधीच कॅन्सर हाडांत पोचल्याचं त्यामुळे कळू शकतं. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरने 1963पासून ही विद्या आपल्याकडे रुजवली.

टेक्नेशियम सहा तासांत निम्मं होत असलं, तरी ते दूरवर पोचवता येतं, कारण त्याला जन्म देणाऱ्या मॉलिब्डेनम-99चं अर्धायुष्य 66 तासांचं आहे. शिशाच्या कवचातल्या जनरेटरमध्ये ॲल्युमिनाच्या नळीला मॉलिब्डेनम चिकटलेलं असतं. एका बाजूला सलाईनची कुपी, दुसऱ्या बाजूला निर्वात कुपी लावली की सलाईन नळीतून ओढलं जातं, मॉलिब्डेनम मागे राहतं आणि टेक्नेशियम तेवढं धुऊन येतं. असा जनरेटर शेकडो किलोमीटर प्रवास करून साधारण आठवडाभर पुरतो.

म्हणूनच माझी तक्रार किरणांबद्दल नाही, अंतराबद्दल आहे. औषध प्रवास करू शकत असताना दुखऱ्या हाडांच्या माणसाने बुऱ्हाणपूरहून रेल्वेने मुंबई का गाठावी? गॅमा कॅमेरा, प्रशिक्षित माणसं आणि अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवान्यानिशी चालणारी केंद्रं सीमेलगतच्या जिल्ह्यांच्या आवाक्यात यायला हवीत, आणि तपासणीआधी हातात पडणारा सूचनांचा कागद तिथल्या माणसाच्या भाषेत असायला हवा. भीतीपोटी स्कॅन नाकारण्यापेक्षा या दोन मागण्यांसाठी भांडणं रुग्णाच्या अधिक हिताचं आहे.