पेचकस आपल्या हाती

मागच्या उन्हाळ्यात अकोल्याला लग्नाला गेले होते. परतताना पिशवीत आहेराची साडी होती आणि मांडीवर एक जुना स्टिरिओ रेडिओ. दोन बाजूंना दोन स्पीकर, मध्ये कॅसेटचा खण, वर एरियलची लांब होणारी काडी. जुन्या सामानाच्या दुकानात धूळ खात पडला होता. दुकानदाराने हजार सांगितले आणि सहाशेत दिला. "चालत नाही बरं ताई, शोभेला ठेवा," हेही प्रामाणिकपणे सांगितलं. एसटीत शेजारच्या बाईने शेलूबाजार येईपर्यंत दोनदा विचारलं, "काय करता व बाई या डबड्याचं?"

घरीही तोच प्रश्न. आमचे हे म्हणाले, "सहाशे रुपयाचं भंगार!"

पण मला कारण होतं. काचबिंदूने सासूबाईंची दृष्टी गेली, त्याला दोन वर्षं झाली. टीव्हीतली अर्धी गोष्ट चेहऱ्यांवरच चाललेली असते, ती त्यांना कशी कळावी? मोबाइलची काच गुळगुळीत, बोटाला काहीच लागत नाही. दिवसभर त्या ओसरीत बसून राहायच्या. एकदा आपल्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "रेडू होता तवा बरं होतं. मले दिसत नाई, पन आयकू त येते ना." तो शब्द माझ्या मनात रुतून बसला होता.

रेडिओ घेऊन मी एका दुरुस्तीच्या दुकानात गेले. सोबत सातवीतला मुलगा होता. गंमत पाहा, प्रश्न मी विचारत होते आणि दुकानदार उत्तरं मुलाला देत होता! "बाळा, याचे पार्ट मिळत नाहीत म्हणून सांग मम्मीला. नवीन घ्या म्हणा." त्याने झाकणसुद्धा उघडलं नाही. मैत्रिणींनो, रेडिओ दुरुस्त झाला नाही याचं मला तेवढं वाईट वाटलं नाही. पण मी तिथे उभी असून नसल्यासारखी होते, याचं वाटलं.

त्या रात्री जेवणं आटोपल्यावर मी स्वतःच पेचकस घेऊन बसले.

आधी वायर काढली, सेलचा खण रिकामा केला. एकेक स्क्रू काढताना मोबाइलवर फोटो घेत गेले, म्हणजे परत लावताना घोळ नको. स्क्रू ठेवले मिसळणाच्या रिकाम्या डब्यात. पहिल्या वाटीत मागच्या झाकणाचे, दुसरीत स्पीकरचे. त्यासाठी त्याच्यासारखी दुसरी सोय नाही!

आत पाहिलं तर भीती वाटण्यासारखं काही नव्हतं. बराचसा कचराच होता. सेल कधीतरी फुटून पाझरले होते आणि पत्र्याच्या पट्ट्यांवर खार चढला होता. साध्या जस्ताच्या सेलचा पाझर आंबट गुणाचा असतो, म्हणून तो खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने निघतो. अल्कलाइन सेलचा पाझर उलट्या गुणाचा, त्याला लिंबू किंवा व्हिनेगर लागतं. जुना टूथब्रश घेतला, पट्ट्या घासल्या, पुसून पूर्ण वाळवल्या. स्टेशनचा काटा हलत नव्हता, कारण त्याची दोरी तुटली होती. गोधडीचा दोरा लावून पाहिला, तो ताणला गेला. मग माळ ओवायचा पीळदार नायलॉनचा दोरा लावला, तो बसला. आवाजाचं बटण फिरवलं की खरखर व्हायची. त्याच्या आत कार्बनची पट्टी असते, तिच्यावर धूळ बसते. बाजारात मिळणारा संपर्क साफ करायचा फवारा मारला आणि बटण वीस-पंचवीस वेळा मागे-पुढे फिरवलं. खरखर गेली.

पण एक स्पीकर मुकाच होता आणि दुसऱ्यातून गुणगुण येत होती. इथे माझं शहाणपण संपलं. मंगरूळपीरला एक वयस्कर मेकॅनिक आहेत, त्यांच्याकडे गेले. त्यांनी मात्र मलाच विचारलं, "काय काय करून पाहिलं, ताई?" मी सगळं सांगितलं. त्यांनी स्पीकरची सुटलेली तार दाखवली आणि तापलेली कैची नाही, सोल्डरिंगची काडी माझ्या हातात दिली. "तुम्ही धरा, मी सांगतो." गुणगुण येत होती ती वाळलेल्या कंडेन्सरमुळे. तोही बदलला. भाग अगदी चिल्लर किमतीचा! कॅसेटचा भाग काही चालला नाही. राहू दिला तसाच.

आता मला सांगा, यात असं काय होतं जे आपल्याला येणार नाही? शिलाई मशीनचा दोरा तुटायला लागला की बॉबिनचा ताण आपणच बघतो, तेल आपणच घालतो. कुकरची शिट्टी नीट वाजेना की आधी भोक साफ करतो. फाटलेल्याला ठिगळ लावणं, उसवलेलं शिवणं, हा तर आपला पिढीजात धंदा. मग वायर दिसली की हात मागे का जातो?

कारण लहानपणापासून आपल्याला सांगितलं गेलं, "त्याला हात लावू नको." एके काळी रेडिओ ठेवायला लायसन लागायचं आणि त्याची फी पोस्टात भरावी लागायची. १९८०च्या दशकात ते बंद झालं. आमच्या घरचं लायसन सासऱ्यांच्या नावावर होतं आणि रेडिओ बैठकीत. सासूबाई स्वयंपाकघरातून ऐकायच्या. बातम्या संपल्या की तो बंद व्हायचा, मग पुढे गाणी का असेनात.

आणि गंमत अशी, की कारखान्यांत रेडिओचे बारीक भाग बसवायचं, डाग द्यायचं काम जगभर मोठ्या प्रमाणावर बायकांनीच केलंय. नवीन जोडायला बाईची बोटं चालतात, बिघडल्यावर उघडायला मात्र पुरुषच हवा! राजस्थानात तिलोनियाला बेअरफूट कॉलेज आहे. तिथे खेड्यापाड्यातल्या, कित्येकदा शाळेचं तोंडही न पाहिलेल्या, आजी झालेल्या बायका सौरदिव्यांची सर्किटं जोडायला शिकतात. रेझिस्टरवर रंगाचे पट्टे असतात. काळा म्हणजे शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन. रांगोळीचे आणि साडीच्या काठांचे रंग ओळखणाऱ्या बाईला हे जड जाईल का?

११ डिसेंबर २०२२ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला. शेलूबाजारजवळच त्यावर चढता-उतरता येतं. नवीन वस्तू यायला आता वेळ लागत नाही. पण दुरुस्त करणारी माणसं एकेक करून दुकान बंद करताहेत. त्याच महिन्यात, २४ डिसेंबरला, केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'चं पोर्टल सुरू केलं. कंपन्यांनी दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती ग्राहकाला द्यावी, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगलाच आहे. पण झाकण उघडायची आपलीच हिंमत नसेल, तर तो हक्क घेऊन करायचं काय?

सगळंच घरी उघडा, असं मी म्हणत नाही. मायक्रोवेव्ह आणि जुन्या डब्बा टीव्हीला हात लावू नका. बंद असले तरी त्यांत धक्का बसण्याइतकी वीज साठून राहू शकते. वायर काढल्याशिवाय कशालाच हात नको. पण निदान दुकानात गेल्यावर "काय बिघडलं ते मला दाखवा" एवढं तर म्हणू या. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्सचा कोर्स असतो, त्याला मुलीचं नाव घालताना कचरू नका.

आमच्या रेडिओवर अकोल्याचं एफएम जरा दुरून लागतं. स्टिरिओवर ठेवलं की सरसर येते, मोनोवर केलं की आवाज स्वच्छ होतो, कारण लांबच्या, अशक्त लहरींना स्टिरिओ झेपत नाही. म्हणजे स्टिरिओ घेतला आणि ऐकतो मोनो! एरियलला एक तार बांधून ती कपडे वाळत घालायच्या दोरीवर नेली आहे.

बटणांवर मी खड्यांच्या टिकल्या चिकटवल्या. एक टिकली म्हणजे आवाज, दोन म्हणजे स्टेशन. पहिल्या दिवशी सासूबाईंचा हात धरून मी बटणावर ठेवला, तर त्यांनी तो पटकन मागे घेतला. "खराब होईन व माह्या हातानं," म्हणाल्या.

म्हटलं, "होऊ द्या आई. पुन्हा उघडू."

आता त्या दुपारी स्वतःच रेडिओ लावतात. आणि बातम्या सुरू झाल्या की बंद करतात!