‘अमर रहे’ म्हणायची एवढी घाई का?

बेपत्ता सैनिकाच्या फोटोला हार घालणं मला पटत नाही. हार घातला की शोध संपतो, आणि ज्यांना उत्तर द्यायचं नाही त्यांची सोय होते.

फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे घ्या. ५ डिसेंबर १९७१ ला त्यांचं सुखोई-७ पाकिस्तानात शोरकोटजवळ पडलं. त्याच सुमाराला एका पाकिस्तानी वर्तमानपत्रानं जिवंत पकडलेल्या भारतीय वैमानिकांत ‘टॉम्बे’ असं नाव छापलं. युद्धानंतर आपण सुमारे ९३ हजार कैदी परत केले. तांबे आलेच नाहीत. पाकिस्तान म्हणतं, असा कैदी आमच्याकडं नाही. बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या असलेल्या त्यांच्या पत्नी दमयंती वर्षानुवर्षं शोधत राहिल्या. २००७ मध्ये बेपत्तांच्या नातेवाइकांना पाकिस्तानातले तुरुंग दाखवले. कुणी सापडलं नाही.

मी कळंब्याचा. आमच्या गावात मध्यवर्ती कारागृह आहे. चोर आत आला तरी नोंद, सुटला तरी नोंद. तेवढा हिशेब सैनिकाचा नको?

‘५४ जवान अजून जिवंत आहेत’ हे फॉरवर्डही तितकेच आळशी. पुरावा नसताना आशा वाटायची, लाइक्स आपण घ्यायचे आणि रात्र घरच्यांनी जागून काढायची.

सरकारनं फाइली उघडाव्यात. पाकिस्तानला कधी, काय विचारलं? उत्तर काय आलं? घरच्यांना त्यातलं किती सांगितलं?

येत्या ५ डिसेंबरला स्टेटस ठेवणार असाल, तर फोटोखाली एवढंच लिहा: तांबेंचं काय झालं?